शेरीफ, डेप्युटी शेरीफ आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी

सोलापूर-पुणे महामार्गालगत, मोहोळ तालुक्याच्या हद्दीत असलेल्या चिंचोळी एमआयडीसीतील एखाद्या कारखानदाराने सुताचे पैसे थकवले आणि पुरवठादाराने दावा लावून न्यायालयाकडून हुकूमनामा, म्हणजे हक्क आणि देणे ठरवणारा अंतिम आदेश, मिळवला, तर तो अंमलात आणण्यासाठी कारखान्याच्या फाटकावर दिवाणी न्यायालयाचा बेलीफ येतो. हा बेलीफ नाझराच्या, म्हणजे न्यायालयाची वॉरंटे, रकमा आणि जप्त माल सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, हाताखाली काम करतो आणि त्याच्या पदाला कोणतेही वलय नसते. हाच दावा मुंबईतील एखाद्या कंपनीविरुद्ध उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे अपिले न ऐकता दावे पहिल्या पायरीपासूनच चालवणाऱ्या शाखेत, चालला असेल तर मात्र वॉरंट निघते ते ‘मुंबईचे शेरीफ’ या नावाने. मराठीत ज्यांना नगरपाल म्हणतात ते हेच शेरीफ होत. एकाच राज्यात आणि एकाच दिवाणी प्रक्रिया संहितेखाली वसुलीची ही दोन रूपे नांदतात, आणि त्यांतील मुंबईचे रूप समजून घ्यायचे तर नगरपालापेक्षा त्याच्या दुय्यमाकडे, म्हणजे डेप्युटी शेरीफकडे, पाहावे लागते.

नगरपाल हे पद मानाचे आहे. राज्यपाल शहरातील एखाद्या प्रतिष्ठित नागरिकाची एका वर्षासाठी त्यावर नेमणूक करतात, त्याला वेतन नसते, राजकीय अधिकार नसतात आणि शिष्टाचाराच्या क्रमात महापौरानंतरचे स्थान असते. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हे पद १८६९ आणि १८७१ असे दोनदा भूषवले. विसाव्या शतकात दिलीपकुमार, सुनील दत्त, सुनील गावसकर, नाना चुडासामा अशी नावे या यादीत आली आणि पुढे शिक्षणक्षेत्रातील इंदू शहाणी यांचीही त्यात भर पडली. पाहुण्यांचे स्वागत करणे, शहराच्या वतीने समारंभांना उपस्थित राहणे आणि जुन्या काळात नागरिकांच्या लेखी मागणीवरून टाउन हॉलमध्ये जाहीर सभा बोलावणे, ही नगरपालाची लोकांना दिसणारी कामे. मात्र न्यायालयाच्या दप्तरात त्याच पदनामाखाली जप्तीची वॉरंटे, लिलावाच्या जाहिराती आणि जहाजे अडकवण्याचे आदेश नोंदवलेले असतात. दिलीपकुमारांनी एखाद्या बुडीत पेढीच्या गोदामाला कुलूप ठोकले असेल, अशी कल्पना कोणी करू नये. ते काम तेव्हाही डेप्युटी शेरीफ आणि त्याच्या हाताखालचे बेलीफच करीत होते.

मानाचा धनी एक आणि कामाचा धनी दुसरा, ही विभागणी मुंबईत जन्मलेली नाही. इंग्लंडमध्ये प्रत्येक परगण्याला राजाने वर्षभरासाठी नेमलेला हाय शेरीफ असतो. मध्ययुगात तो कर गोळा करी, कैदी सांभाळी, ज्यूरी बोलावी आणि न्यायालयांचे हुकूम बजावी. हे काम जोखमीचे होते, कारण कर्जापायी कैदेत टाकलेला ऋणको शेरीफच्या ताब्यातून निसटला तर ते कर्ज खुद्द शेरीफच्या मानगुटीवर बसे आणि चुकीच्या माणसाचा माल जप्त झाला तर भरपाईही त्यालाच द्यावी लागे. जमीनदार घराण्यातून वर्षापुरत्या आलेल्या गृहस्थाला कायद्याच्या या खाचाखोचा माहीत असण्याचे कारण नव्हते आणि त्या शिकेपर्यंत वर्ष संपून जाई. म्हणून त्याच्या शेजारी कायदा जाणणारा, वर्षानुवर्षे त्याच जागी राहणारा अंडर-शेरीफ उभा राहिला. तो बहुधा त्या गावातील सॉलिसिटर, म्हणजे कागदपत्रे आणि दाव्यांची तयारी पाहणारा वकील, असे. १८८७ च्या शेरीफ कायद्याने ही रूढी बंधनकारक केली आणि नेमणुकीपासून एका महिन्याच्या आत प्रत्येक शेरीफने लायक व्यक्तीला लेखी आदेशाने अंडर-शेरीफ नेमले पाहिजे असे ठरवले. त्याच कायद्यात एक मोठी मार्मिक तरतूद आहे. पदावर असताना शेरीफ मरण पावला तर नवा शेरीफ येईपर्यंत अंडर-शेरीफने मृताच्याच नावाने कारभार चालू ठेवावा, असे ती सांगते. माणूस गेला तरी न्यायालयाचा हुकूम अडू नये, हा तिचा हेतू. पुढे इंग्लंडनेच या कामाची फेररचना केली आणि २००३ च्या न्यायालय कायद्यानुसार २००४ पासून हुकूम बजावण्याचे काम ‘हाय कोर्ट अंमलबजावणी अधिकारी’ या परवानाधारक वर्गाकडे सोपवले. त्यामुळे आज तेथील अंडर-शेरीफ मुख्यतः हाय शेरीफचा कायदेविषयक सल्लागार आणि समारंभांचा व्यवस्थापक उरला आहे. मूळ देशात दुय्यमाचे काम असे बरेचसे ओसरले आणि मुंबईत ते अजून भरात आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

मुंबईत शेरीफ आला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या न्यायालयांबरोबर. १७२६ च्या राजसनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे मेयर्स कोर्ट स्थापन झाले आणि त्यांचे हुकूम बजावण्यासाठी शेरीफ नेमण्याची तरतूद झाली. मुंबईत पुढे १७९८ मध्ये रेकॉर्डर्स कोर्ट, १८२३ च्या सनदेने सर्वोच्च न्यायालय आणि १४ ऑगस्ट १८६२ रोजी उच्च न्यायालय अशी न्यायालये बदलत गेली, पण प्रत्येक वेळी शेरीफचे दप्तर जुन्याकडून नव्याकडे आले. या न्यायालयांच्या हुकमाची मर्यादा कोठवर, हा प्रश्न एकदा अत्यंत तीव्रपणे उभा राहिला होता. पुण्यातील पांडुरंग रामचंद्र या वजनदार गृहस्थाच्या घरी असलेल्या मोरो रघुनाथ या मुलाला न्यायालयापुढे हजर करावे, असा आदेश १८२८ मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाने काढला. पेशवाई बुडून दहाच वर्षे झाली होती, दख्खनमधील सरदारांना दुखवणे कंपनी सरकारला परवडणारे नव्हते आणि गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी त्या आदेशाच्या अंमलबजावणीला मदत करण्याचे साफ नाकारले. दोन सहकारी न्यायाधीशांच्या मृत्यूमुळे एकटे उरलेले सर जॉन पीटर ग्रँट यांनी, आपला हुकूम पाळला जात नसेल तर न्यायालय चालवण्यात अर्थ नाही असे म्हणून, एप्रिल १८२९ मध्ये न्यायालयच बंद केले. अखेर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला तो ग्रँट यांच्या विरोधात. मुंबई बेटाबाहेरच्या, त्या न्यायालयाच्या अधिकारात न येणाऱ्या व्यक्तींवर असा हुकूम चालत नाही, असे ठरले. ग्रँट यांचा हट्ट कायद्याच्या कसोटीवर टिकला नाही, तरी बजावणीचे हात नसलेले न्यायालय किती दुबळे असते, हे त्यांनी जेवढ्या स्पष्टपणे दाखवले तेवढे पुढे क्वचितच कोणी दाखवले असेल.

आजचा डेप्युटी शेरीफ हा उच्च न्यायालयाच्या आस्थापनेवरील अधिकारी असतो. नगरपाल बदलतात, एखाद्या वर्षी खुर्ची रिकामीही राहते, पण त्याचे टेबल चालूच असते. मूळ शाखेत त्याच्या शेजारी आणखी काही जुन्या नावांचे अधिकारी आहेत आणि त्यांची कामे एकमेकांत मिसळू नयेत याची काळजी घ्यावी लागते. प्रोथोनोटरी व सीनियर मास्टर हा मूळ शाखेचा निबंधक, त्याच्याकडे दावे दाखल होतात आणि रकमा जमा होतात. कोर्ट रिसीव्हर वादातील मालमत्ता दावा चालू असताना तिच्या जपणुकीसाठी ताब्यात घेतो. आणि शेरीफचे कार्यालय समन्स व वॉरंटे बजावते, मालमत्ता जप्त करते आणि विकते. हे करताना डेप्युटी शेरीफ स्वतःच्या मर्जीने काहीही ठरवत नाही. मालमत्तेचे मूल्यांकन कोणी करावे, जाहिरात कोणत्या वर्तमानपत्रांत द्यावी, आलेल्या देकारांचे काय करावे, या प्रत्येक टप्प्यावर तो ‘शेरीफचा अहवाल’ या नावाने टिपण न्यायाधीशांपुढे ठेवतो आणि त्यावर आदेश घेतो. वरकरणी रटाळ वाटणारा हा अहवाल म्हणजेच या सगळ्या यंत्रणेचा कणा आहे, कारण लिलाव पुढे रद्द होतो तो बहुतेक वेळा प्रक्रियेतील चुकीमुळे, आणि ती चूक झाली की नाही हे याच कागदांवरून ठरते.

डेप्युटी शेरीफच्या कामाचा सर्वांत ठळक भाग समुद्रावर आहे. जहाजांसंबंधीच्या दाव्यांच्या अधिकारक्षेत्राला नौअधिकरण म्हणतात. त्यातील विशेष असा की दावा मालकाऐवजी खुद्द जहाजाविरुद्ध करता येतो. मालक पनामात नोंदलेली कागदी कंपनी असू शकते, तिला समन्स पाठवून हाती काही लागत नाही. जहाज मात्र बंदरात उभे असते आणि ते निघून गेले की सारेच निघून जाते. म्हणून न्यायालय जहाजाला ‘अटक’ करण्याचे वॉरंट काढते. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेच्या १९८० च्या नियमांत ही अटक कशी करावी याचे वर्णन आहे. वॉरंटची मूळ प्रत जहाजाच्या मुख्य डोलकाठीवर किंवा ठळक दिसेल अशा अन्य जागी थोडा वेळ चिकटवायची, मग ती काढून घेऊन तिच्या जागी खरी नक्कल ठेवून यायचे. शिडांच्या काळातील ही रीत कंटेनरवाहू जहाजांच्या काळातही नियमांत टिकून आहे. प्रत्यक्षात आदेशाची सूचना बंदर प्राधिकरण आणि सीमाशुल्क खात्याला लगोलग पाठवली जाते आणि त्यांनी बंदर सोडण्याची परवानगी रोखली की जहाज जागच्या जागी अडकते. कप्तान आणि खलाशी जहाजावरच राहतात, मात्र जहाज शेरीफच्या, म्हणजे पर्यायाने न्यायालयाच्या, अभिरक्षेत जाते. मालकाने दाव्याइतके तारण भरले की जहाज सुटते. तारण न भरता मालक परागंदा झाला तर खलाशांचे अन्नपाणी, जनित्राचे इंधन आणि जहाज बुडू नये यासाठीची देखभाल हे सारे प्रश्न डेप्युटी शेरीफच्या टेबलावर येतात. अटक मागणाऱ्या पक्षाला शेरीफचा खर्च भरण्याची हमी आधीच द्यावी लागते आणि जहाज विकले गेले तर तो खर्च विक्रीच्या रकमेतून अग्रक्रमाने वळता होतो.

या क्षेत्राचा कायदा दीर्घकाळ ब्रिटिश संसदेच्या १८४० ते १८९० च्या दरम्यानच्या कायद्यांवर चालला. १९९२ मध्ये ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय उच्च न्यायालयांचे अधिकार त्या जुन्या चौकटीतून मोकळे केले. तो वाद गोव्याच्या मुरगाव बंदरातून १९८४ मध्ये माल घेऊन निघालेल्या परदेशी जहाजाचा आणि गोव्यातील निर्यातदाराचा होता. पुढे संसदेने २०१७ मध्ये स्वतंत्र नौअधिकरण कायदा केला आणि तो १ एप्रिल २०१८ पासून अंमलात आला. त्यानुसार न्यायालयाने विकलेले जहाज खरेदीदाराला सर्व बोज्यांतून मुक्त मिळते आणि विक्रीच्या रकमेवर ज्यांचा हक्क सर्वांत वरचा मानला जातो त्यांत खलाशांचे थकलेले पगार पहिले आहेत. २०२० मध्ये ‘कर्णिका’ हे पर्यटनासाठी वापरले जाणारे मोठे जहाज, त्याची कंपनी टाळेबंदीच्या काळात कोलमडल्यावर, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने विकले गेले आणि त्याच वर्षी गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर मोडीसाठी पोचले. चिंचोळीच्या उद्योजकालाही हा विषय वाटतो तितका परका नाही. सोलापूरचे टॉवेल परदेशी जातात आणि वाटेत वाहतूकदार जहाजामुळे मालाचे नुकसान झाले तर ती भरपाई कायद्याने ‘सागरी दावा’ ठरते. म्हणजेच सोलापूरचा निर्यातदारही, जहाज उच्च न्यायालयाच्या अधिकारातील पाण्यात असेपर्यंत, त्याच्या अटकेची मागणी करू शकतो.

जमिनीवर मात्र शेरीफची सत्ता शहराच्या वेशीशी संपते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ मध्ये २००२ साली जोडलेल्या पोटकलमाने स्पष्ट केले आहे की कोणतेही न्यायालय आपल्या स्थानिक हद्दीबाहेरच्या व्यक्तीवर किंवा मालमत्तेवर हुकूमनामा बजावू शकत नाही. तो त्या हद्दीतील न्यायालयाकडे पाठवावा लागतो. म्हणून मुंबईत झालेल्या हुकूमनाम्यातील ऋणकोचा कारखाना चिंचोळीत असेल तर डेप्युटी शेरीफ रेल्वेने सोलापूरला येत नाही, हुकूमनामाच सोलापूरला येतो आणि तेथे दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल होते. यानंतर जे घडते ते संहितेच्या आदेश २१ नुसार. जंगम मालमत्ता, म्हणजे हलवता येणारा माल, बेलीफ प्रत्यक्ष ताब्यात घेऊन जप्त करतो: पंच बोलावतो, यंत्रांचे क्रमांक, सुताच्या गाठी, तयार टॉवेलांचे गठ्ठे यांची यादी करतो, पंचांच्या सह्या घेतो आणि हलवण्यास अवघड यंत्रे बहुधा सुपूर्तनाम्यावर, म्हणजे माल सुरक्षित ठेवून मागितला की हजर करण्याच्या लेखी हमीवर, कोणा जबाबदार माणसाकडे ठेवतो. स्थावर मालमत्तेची जप्ती कागदावर होते. ती विकू नये वा गहाण टाकू नये असा मनाई आदेश निघतो, तो मालमत्तेजवळ दवंडी पिटून किंवा रूढ पद्धतीने जाहीर केला जातो, त्याची प्रत मालमत्तेवर आणि न्यायालयाच्या इमारतीवर लावली जाते, आणि गावातील जमीन असेल तर ग्रामपंचायतीच्या कार्यालयातही लावली जाते.

एमआयडीसीत येथे एक पेच उभा राहतो, जो गावठाणातील घर जप्त करताना येत नाही. १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ भूखंड विकत नाही, ते ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. त्यामुळे बेलीफ जप्त करतो तो जमिनीचा मालकी हक्क नसून उरलेल्या मुदतीचा भाडेपट्टा आणि त्यावरचे बांधकाम. लिलावात तो घेणाऱ्याने महामंडळाची संमती, हस्तांतर शुल्क आणि जुनी थकबाकी यांचा हिशेब आधी केला नाही तर स्वस्तात मिळालेला भूखंड महागात पडतो. लिलावाचे नियम कडक आहेत. स्थावराची बोली स्वीकारली गेली की लगेच २५ टक्के रक्कम भरावी लागते, उरलेली १५ दिवसांत. ऋणकोला मूळ देणे आणि खरेदीदारासाठी बोलीच्या पाच टक्के एवढी रक्कम भरून विक्री रद्द करून घेण्याची एक शेवटची संधी असते. कायद्याने बेलीफचे हातही काही ठिकाणी बांधले आहेत. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात त्याला राहत्या घरात शिरता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, धार्मिक रूढीनुसार स्त्रीला काढता न येणारे दागिने आणि कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. सोलापुरात स्वतःच्या हातमागावर विणणाऱ्या माणसाला ही शेवटची सवलत मोलाची आहे. चिंचोळीतील कंपनीच्या यंत्रमागांना ती लागू नाही.

औद्योगिक वसाहतीत जप्ती म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे बहुधा बँक येते, बेलीफ नव्हे, आणि ते वास्तवाला धरून आहे. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला तारण मालमत्तेसाठी दावा लावण्याचीच गरज ठेवली नाही. ६० दिवसांची नोटीस दिल्यावर तिला स्वतः ताबा घेता येतो आणि विरोध झाला तर ती जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांची मदत मागते. तारण नसलेल्या धनकोला, म्हणजे सूत, रंग, सुटे भाग उधारीवर देणाऱ्याला, मात्र नाझराच्या रांगेतच उभे राहावे लागते.

या रांगेची लांबी ही जुनी व्यथा आहे. भारतातील दावेदाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, अशा आशयाचे निरीक्षण प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच नोंदवले होते, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरखास्ती सहा महिन्यांच्या आत निकाली काढाव्यात असा आदेश दिला, यावरून मधल्या दीडशे वर्षांची प्रगती कळते. दोष केवळ मनुष्यबळाचा नाही. मानाचे पद ठेवण्याकडे समाजाचा आणि सरकारचा जितका ओढा असतो तितका ते पद ज्याच्या जोरावर उभे असते त्या दुय्यमाचे कार्यालय सुधारण्याकडे नसतो. मद्रासने १९९८ मध्ये शेरीफचे पद रद्द केले, कोलकाता आणि मुंबईने ठेवले. ते ठेवण्यास हरकत नाही, पण नव्या नगरपालाच्या निवडीची चर्चा जेवढी होते त्याच्या निम्मी जरी डेप्युटी शेरीफ, नाझर आणि बेलीफ यांच्या संख्येची, प्रशिक्षणाची आणि साधनांची झाली तर दावेदारांचे अधिक भले होईल.

तोवर धनकोने आपल्या बाजूने दोन गोष्टी सांभाळाव्यात. पैशाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यानुसार १२ वर्षांची आहे, ती संपल्यावर हुकूमनामा निरुपयोगी होतो. आणि बेलीफ मालमत्ता शोधून काढत नाही, ती दाखवून द्यावी लागते. म्हणून दरखास्तीसोबत ऋणकोच्या मालमत्तेची यादी, भूखंड क्रमांक आणि बँक खात्यांचा तपशील जोडावा, आणि तो हाती नसेल तर ऋणकोने आपल्या मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे असा आदेश आदेश २१ च्या नियम ४१ खाली न्यायालयाकडून मागून घ्यावा.